नीरेकाठी सोडलेली गाडी

आबा,

तुम्हाला जाऊन पन्नास वर्षं होत आली. इतक्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. तुम्ही होतात तेव्हा मी लिहायला शिकले ते तुम्हाला आवडलं नव्हतं, आणि तुम्ही गेल्यावर लिहिण्यात अर्थ नव्हता. आज बसले त्याचं कारण अगदी साधं आहे. माझ्या नातीला शाळेतून काहीतरी लिहून आणायला सांगितलं होतं. तिनं विचारलं, "आजी, लहानपणी तुम्ही सुट्टीत कुठं जायचात?" मी झटकन बोलून गेले, "आमचे वडील आम्हाला बैलगाडीतून भोरला घेऊन गेले होते. चार दिवस आम्ही गाडीतच राहिलो." पोर खूश झाली. तिनं ते वहीत लिहिलं, शेजारी गाडीचं चित्र काढलं, गाडीत चार माणसं काढली आणि चौघांनाही हसवलं. ते चित्र बघून त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या तीनचार वर्षं आधीची ही गोष्ट. मी नऊ वर्षांची होते आणि धाकटी सहाची. आमच्या दोघींच्या पाठीवर आईला दोन मुलगे झाले आणि दोघंही बाराव्या दिवसाच्या आत गेले, हे मला तेव्हा माहीत होतं, पण त्याचा तुमच्या कपाळावरच्या आठीशी काही संबंध आहे हे कळत नव्हतं. तुम्ही घरात कमी बोलायचात. आईशी बोलायचात ते भिंतीकडं तोंड करून. भाकरी झाली का, बैलांना पाणी दावलं का, एवढंच. आणि मग त्या वर्षी चैत्रात, होळीनंतर पंधरा दिवस झाले असतील, तुम्ही गाडी ओट्यापुढं आणलीत आणि कळकाच्या कांब्या वाकवून तिच्यावर कमानी बांधायला लागलात. कमानीवर तट्टा, तट्ट्यावर दोन घोंगड्या. आत गुडघाभर भाताचा पेंढा अंथरलात. मी विचारलं, "आबा, कुठं जायाचं?" तुम्ही म्हणालात, "भोरला. राजवाड्यात रामनवमीचा उत्सव असतो. तुमाला दावतो." मला वाटलं, मी ऐकण्यात चुकले. वेल्ह्याच्या खोऱ्यातनं आपल्या घरातली बाई कधी बाहेर गेली नव्हती. आई लग्न होऊन आली ती तोरण्याच्या एका अंगाकडनं दुसऱ्या अंगाला, तेवढाच तिचा प्रवास. ती उंबऱ्यात उभी राहून तुमच्याकडं बघत होती. मला अजून दिसते. तिच्या तोंडावर आनंद होता असं मी वर्षानुवर्षं समजत आले. आता ती नजर आठवली की वाटतं, दिलेला शब्द कुणी पाळतो की नाही हे बघणाऱ्या माणसाची ती नजर होती.

वाटेत नसरापूरला बनेश्वराच्या झाडीत मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी कापूरहोळावरनं वळून ऊन चढायच्या आत भोरच्या वाटेला लागलो. धाकटी आणि मी गाडीच्या मागच्या बाजूनं पाय सोडून बसलो होतो. सर्व्हिस मोटार धुरळा उडवत गेली की आम्ही हातानं तोंड झाकायचो आणि खिदळायचो. तुम्ही रागावला नाहीत. उलट पुढनं म्हणालात, "पडाल गं, आत सरका," आणि त्या आवाजात चक्क माया होती. भोर दिसायला लागलं तेव्हा तुम्ही बैल थांबवून आईला खाली उतरवलंत आणि हात करून सगळं दाखवलंत. ती नदी, ती नीरा, ते देऊळ, तो घाट, तो मोठा कौलारू पसारा म्हणजे राजवाडा. आई डोक्यावरचा पदर सावरत बघत राहिली. मग म्हणाली, "लई मोटं हाय." तुम्ही हसलात. आबा, तुम्ही आईच्या बोलण्यावर हसलेले मी त्याआधी पाहिले नव्हते, आणि त्यानंतरही नाही.

नदीकाठी करंजाच्या झाडाखाली तुम्ही गाडी सोडलीत. उत्सवाला आलेल्या आणखी गाड्या होत्या, पण आपली जागा सगळ्यांत चांगली. आईनं तीन दगडांची चूल मांडली. चैत्रातली नीरा, पाणी कमरेएवढंच, खालचे गोटे दिसत होते. पहिल्या दिवशी दुपारी तुम्ही आम्हा दोघींना पाण्यात नेलंत, हातांवर आडवं धरून पाय मारायला शिकवलंत. आई काठावर धुणं धुवत होती. तुम्ही तिच्या अंगावर ओंजळभर पाणी उडवलंत. ती दचकली, मग इतकी हसली की हातातलं लुगडं वाहून जायला लागलं आणि तुम्ही धावत जाऊन ते धरलंत. तुमचं दोघांचं वय तेव्हा काय असेल? तुम्ही पस्तिशीचे, ती सत्तावीस-अठ्ठावीसची. माझी सून आज तिच्याहून मोठी आहे. रोज भाकरीबरोबर काहीतरी वेगळं असायचं. वांगी, हरभरा, एकदा बाजारातनं आणलेली भेळ, ती आईनं आयुष्यात पहिल्यांदा खाल्ली आणि तिखट लागून डोळे पुसत पुसत परत हात पुढं केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही धाकटीला आईपाशी ठेवलंत आणि मला म्हणालात, "चल, तुला राजवाडा दावतो." मी तुमचं बोट धरून निघाले. राजवाड्याचा दरवाजा बघितला, आतल्या चौकात मांडव घालत होते ते बघितलं, लाकडी खांबांवरची नक्षी तुम्ही मला खांद्यावर घेऊन दाखवलीत. मग आपण मागच्या आळीत वळलो. एक बसकं घर होतं, दारात तुळस. तिथले म्हातारे कचेरीत शिपाई होते. त्यांनी तुम्हाला "या, या" म्हणून पाटावर बसवलं. आतनं एक बाई पोहे घेऊन आली. अठरा-एकोणीसची असेल. तिच्या हनुवटीवर गोंदण होतं आणि बोलणं आपल्यापेक्षा शहरी होतं. तिनं मला जवळ घेतलं, केस मागं सारले आणि फार हळू विचारलं, "तुझ्या आईला आता कसं आहे? उठवतं का?"

मी म्हणाले, "आई बरी हाय. धुणं धुतीया."

म्हातारे तुमच्याकडं बघायला लागले. तुम्ही खाकरलात आणि म्हणालात, "ल्हान हाय पोर. तिला काय कळतंय. तिला वाटतं आई बरी हाय." आणि त्या बाईनं माझ्या डोक्यावरनं हात फिरवला. आई मरायला टेकलेल्या पोरीच्या डोक्यावरनं फिरवतात तसा. मी पोह्यांची बशी बाजूला सारली.

बाहेर आल्यावर आळीच्या तोंडाशी तुम्ही थांबलात आणि माझ्यापुढं उकिडवे बसलात. तुमचं तोंड माझ्या तोंडासमोर आलं. तुमच्या मिशीत पोह्याची कोथिंबीर अडकली होती. तुम्ही म्हणालात, "हितं आलो व्हतो ते आयला सांगायचं न्हाई."

"का?"

"सांगितलंस तर ती मरंल."

मी रडायला लागले. तुम्ही म्हणालात, "रडू नगं. तू मोटी हायस. म्हनून तर तुला आनलं, धाकटीला न्हाई." मग मला बाजारात नेऊन पत्र्याच्या चौकटीचा लहानसा आरसा घेतलात आणि वाटेत दोनदा बजावलंत, "ध्यानात हाय न्हवं?"

गाडीपाशी आलो तर आई भाकऱ्या थापत होती. तिनं वर न बघता विचारलं, "काय काय बगितलं गं?" मी म्हणाले, राजवाडा. "आनि?" मी म्हणाले, खांब. तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "आनि कुठं गेलता?" मी म्हणाले, "कुठंच न्हाई." तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "बरं. जेव." मी जेवले. प्रत्येक घासाला मला वाटत होतं, आता माझ्या तोंडातनं निघंल आणि आई इथंच, या चुलीपाशी, आडवी होईल. नऊ वर्षांच्या पोरीच्या हातात तुम्ही तिच्या आईचा जीव दिला होतात, आबा, आणि स्वतः हात धुऊन करंजाच्या सावलीत झोपला होतात.

तिसऱ्या दिवशी रामनवमी. राजवाड्यात गर्दी एवढी की धाकटी तुमच्या खांद्यावर आणि मी आईच्या कासोट्याला धरून. दुपारी जन्मकाळ झाला, पाळण्यावर गुलाल उडाला, बायका पाळणा म्हणायला लागल्या. आईला तो येत होता. ती अनोळखी बायकांत उभी राहून मोठ्यानं म्हणत होती, गुलालानं तिचं कपाळ लाल झालं होतं. सगळ्यांच्या हातावर सुंठवडा दिला. मी तिच्याकडं बघत होते आणि मनात म्हणत होते, देवा, हिला मारू नको, मी काही सांगितलं नाही. मला त्या उत्सवातलं दुसरं काही आठवत नाही.

चौथ्या दिवशी तुम्ही न्याहारीनंतर धुतलेलं धोतर नेसून, पागोटं बांधून एकटेच गेलात. आई भांडी घासत होती. तिनं तुम्हाला विचारलं नाही कुठं निघालात. चूल विझवली, राख नदीत सोडली, गाडीतला पेंढा झटकला आणि अंथरुणं दोन वेगळ्या वळकट्यांत बांधली. आपल्यात चैत्रात लग्नं करत नाहीत. तुम्हाला तेवढाही धीर नव्हता. नदीकाठच्या देवळात दोन माळा घालून उन्हं वर यायच्या आत उरकलंत आणि त्या पोहे देणाऱ्या बाईला घेऊन घाट उतरून आलात. तुमच्या पाठीमागनं ती, हिरवं लुगडं, हातात पत्र्याची पेटी. तुम्ही आमच्यापाशी येऊन उभे राहिलात आणि बैलांकडं बघत म्हणालात, "जागा करा गाडीत."

ती आईकडं बघत राहिली. खोचलेला पदर, कोपरापर्यंत राखेचे हात, चांगली धडधाकट बाई. तिच्या तोंडाचा रंग उतरला. ती म्हणाली, "तुम्ही... तुम्ही तर आजारी होता म्हणे. अंथरुणाला खिळलेल्या."

तुम्ही खाली बघितलंत. मी डोळे गच्च मिटले. मला वाटलं, आता आई पडणार.

आई म्हणाली, "व्हते. आता बरी झाले." मग तिनं त्या बाईच्या हातातली पेटी घेतली आणि गाडीत ठेवली. "चढा," म्हणाली. "ऊन व्हतंय."

तिनं तुम्हाला वाचवलं, आबा. सवतीसमोर, उघड्यावर, शेजारच्या गाड्यांतली माणसं बघत असताना. तुम्ही तिचे आभार मानलेत का कधी? मी तरी पाहिलं नाही. परतीच्या वाटेवर कापूरहोळापर्यंत आई गाडीच्या मागनं चालत आली. तुम्ही म्हणालात, "बस की." ती म्हणाली, "बैलांना वज्जं व्हतंय." तुम्ही परत म्हणाला नाहीत.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण तुम्ही ते कधी ऐकून घेतलं नाहीत म्हणून लिहिते. तिला आम्ही मावशी म्हणायला लागलो. ती भोरला चार यत्ता शिकली होती. पहिलं वर्षभर ती माजघराच्या कोपऱ्यात बसून राहायची. तिला फसवून आणलं होतं, आणि तिनं ते आईजवळ एकदाच रडून सांगितलं, मग कधी नाही. तिला पहिल्याच बाळंतपणात मुलगा झाला तो श्वास न घेताच. त्यानंतर तुम्ही तिच्याशीही भिंतीकडं तोंड करून बोलायला लागलात. तेव्हा ती आईच्या बाजूला सरकली, आणि जात्यापुढच्या पिठात बोटानं मला अक्षरं काढून दाखवायला लागली. एकदा तुम्ही अचानक घरात आलात. मी पिठात माझं नाव लिहिलं होतं. तुम्ही पायानं ते पुसलंत आणि मावशीला म्हणालात, "हिला शिकवून काय कचेरीत बशिवनार हायस? एक पोरगं दिता आलं न्हाई अन् चालली मास्तरीन व्हायला." आई चुलीपाशी होती. ती उठली, परातीत नवं पीठ घेतलं, माझ्यापुढं ठेवलं आणि तुमच्यादेखत म्हणाली, "लिव." तुम्ही बाहेर निघून गेलात. आज मी हे लिहिते आहे ते त्या दोघींच्या जिवावर. तुमचा त्यात वाटा एवढाच, की तुम्ही तिला खोटं सांगून आणलंत.

लढाई चालू असतानाच तुम्ही हिवतापानं गेलात. तुमच्या उशाशी दोन बायका होत्या, आणि दोघींनी तुमचं सगळं केलं. मी सतरा वर्षांची होते. मी रडले नाही. लोक म्हणाले, पोरीला धक्का बसलाय. धक्का वगैरे काही नव्हता. मी फक्त मोजत होते, आठ वर्षं झाली, अजून मी आईला सांगितलेलं नाही. तुम्ही गेलात तरी तो शब्द माझ्या गळ्यात तसाच होता. मावशी घरात आली तरी तिच्या घरी मी आधी जाऊन आले होते हे मी कधी बोलले नव्हते, आणि बोलले की आई मरणार हे मनातनं जात नव्हतं. आई शेतात घेरी येऊन पडली, मला वाटलं माझ्या तोंडातनं काही निसटलं असेल. माझं लग्न झालं, मी पुण्याला गेले, पोरं झाली, मावशीच्या हातचं आईचं पत्र आलं नाही की मी पोस्टमनच्या वेळेला दारात उभी राहायचे. मोठ्या माणसाला कळतं की असं काही नसतं. पण नऊ वर्षांच्या पोरीनं ऐकलेलं मोठ्या माणसाच्या कळण्यानं पुसलं जात नाही.

आईनं शेवटचं दुखणं माझ्याकडंच काढलं. एका दुपारी तिला पेज भरवत होते. डॉक्टरांनी आशा सोडली होती. मला वाटलं, आता तरी. मी वाटी खाली ठेवली आणि सगळं सांगितलं. ते घर, पोहे, आळीच्या तोंडाशी तुमचं उकिडवं बसणं, तुम्ही म्हणालात ते. साठीच्या जवळ आलेली बाई मी, आणि पोरीसारखी रडत सांगत होते. आई माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "अगं, मला ठाव व्हतं की."

"काय ठाव व्हतं?"

"दुसरी आननार ते. मलाच इचारलं व्हतं त्यांनी. म्या म्हनलं, आना. न्हाईतर करनार काय व्हते म्या? पन म्हनलं, आदी मला आनि पोरींना चार दिस भोर दावा. गाडीतनं. गाडीतच ऱ्हायाचं, आपली आपन. मग काय ती तुमची आना." ती दम घ्यायला थांबली. "न्हेलं बाबा त्यांनी. शबुद पाळला."

म्हणजे ते चार दिवस तिनं मागून घेतलेले होते. ओंजळभर पाणी, भेळ, पागोट्याखालचं तुमचं हसू, सगळं. तुम्ही आनंदानं दिलं असं मी समजत होते, ते तुम्ही भरपाई म्हणून देत होतात. आणि भाकरी उलटताना तिनं मला तीनदा विचारलं तेव्हा तिला सगळं माहीत होतं. ती फक्त बघत होती की पोर आपल्याला सांगते का.

मी म्हणाले, "मग आबांनी मला का सांगितलं, तू मरशील म्हणून?"

आईनं थोडा विचार केला. मग तिला हसू आलं. तशा अवस्थेत, हसता हसता खोकला लागला, मला पाठ चोळावी लागली. "त्यांनी तिकडं सांगितलं व्हतं न्हवं मी खाटंला खिळलीया म्हनून. ते मला कळंल म्हनून भ्याले आसतील. लाज वाटली आसंल." आणि माझा हात धरून म्हणाली, "एवढं वज्जं घिऊन फिरलीस व्हय गं समदा जलम? येडी." पुढच्या आठवड्यात ती गेली. माझ्या सांगण्यानं नाही, तिच्या वेळेनं.

एवढंच होतं, आबा. बायकोला मरायला टेकलेली म्हटलंत हे तिला कळू नये, तेवढ्या लाजेपायी तुम्ही ते माझ्यावर टाकलंत. तिच्यासमोर उभं राहून एक वाक्य बोलायचं होतं. ती काय म्हणाली असती? "बरं. जेवा." म्हणाली असती. ते एक वाक्य तुम्हाला झेपलं नाही म्हणून मी पन्नास वर्षं माझ्या आईशी मोकळेपणानं बोलले नाही. तिच्याजवळ बसले की जपून बसायचे. तिला वाटायचं, पोर पुण्याला जाऊन बदलली. मावशी मधून मधून म्हणायची, "तू आईशी परक्यासारखी का वागतेस गं?" मी तिलाही सांगू शकले नाही. दुसरी बायको केलीत त्याबद्दल मी तुम्हाला केव्हाच माफ केलं असतं. त्या काळात कितीजणांनी केली. हे मात्र मी माफ करत नाही. करणार नाही. तुम्ही समोर असता तर तोंडावर सांगितलं असतं. कदाचित नसतं सांगितलं. तुमच्यासमोर माझा आवाज फुटायचा नाही.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही. पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं, कारण शेवटची एक गोष्ट लिहिल्याशिवाय ते खरं होत नाही, आणि ती तुमच्या हाती पडावी असं मला वाटत नाही. त्या दिवशी आळीच्या तोंडाशी तुम्ही म्हणालात, तू मोटी हायस, म्हनून तुला आनलं, धाकटीला न्हाई, तेव्हा मी रडत होते. पण रडता रडता मला बरंही वाटलं होतं. तुम्ही मला निवडलं होतं. तुमच्या मनातलं काहीतरी फक्त मला ठाऊक होतं. परत येताना मी तुमचं बोट धरून ऐटीत चालत होते. आईला त्या दुपारी मी सगळं सांगितलं, आबा. एवढं मात्र सांगितलं नाही.